दहा मिनिटं पुढं

माझी बायको पंचशीला मार्चच्या एकवीस तारखेला कलबुर्गीच्या दवाखान्यात वारली. मेच्या नऊ तारखेला तिच्या फोनवर मेल आला. तिचा फोन मी अजून रोज चार्ज करतो. का करतो ते विचारू नका.

मेल इंग्रजीत होता. मराठीत सांगायचा तर असा: "नमस्कार पंचशीला! तुमच्या बदलावर साठ दिवसांत काही हालचाल दिसली नाही. तुम्ही अजून यावर काम करत आहात का? सात दिवसांत उत्तर आलं नाही तर हा बदल बंद करण्यात येईल." शेवटी हात हलवणारा एक पिवळा पंजा.

खाली बारीक अक्षरात होतं की हा संदेश यंत्रानं आपोआप पाठवला आहे. म्हणजे शिवी द्यायलासुद्धा समोर माणूस ठेवलेला नाही.

मी राजपाल. पस्तीस वर्षं भालकीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो. कंट्रोलर म्हणजे कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, हे रजिस्टरमध्ये लिहिणारा. आम्ही राहतो भालकीजवळच्या खटकचिंचोळी गावात. पंचशीला भालकीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. घरी आम्ही दोघं आणि माझी थोरली बहीण, सावित्रीअक्का. आता अक्का आणि मी.

पंचशीला शेवटची दोन वर्षं एका ब्लॉकचेनच्या प्रकल्पात काम करत होती. पगार नाही, ओळख नाही. जगभरातले लोक फुकट लिहितात आणि कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतो, असा तो प्रकल्प. त्याचं इंग्रजी नाव घेताना तोंडात कापूस कोंबल्यासारखं होतं, म्हणून ते मी लिहीत नाही. तो कशासाठी आहे असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"तुमच्या रजिस्टरसारखंच आहे," ती म्हणाली. "फक्त रजिस्टर एक न्हाई. सगळ्या स्टँडवर एकसारखं. एकानं पान फाडलं की बाकीचे सगळे वरडतेत."

"आन् लाईट गेल्यावर?"

"म्हंजे?"

"तुमचं रजिस्टर लाईटवर चालतं. अर्धं पान लिहिल्यावर लाईट गेली तर?"

ती माझ्याकडं वळली. मग हसली. म्हणाली, "हे त्यांच्या डोक्यातच आलेलं न्हाई हो."

येणार कसं? ज्यांच्याकडं लाईट जात नाही त्यांनी ते लिहिलं होतं. लाईट गेली की मशीनमध्ये अर्धवट पान राहायचं आणि परत आल्यावर मशीन पहिल्या पानापासून सगळं नव्यानं मागायचं. दोन दोन दिवस मागत बसायचं. पंचशीलानं त्यावर उपाय लिहिला: मशीन सुरू झालं की अर्धवट पान टाकून द्यायचं आणि तिथून पुढचं तेवढं शेजारच्या मशीनकडून घ्यायचं. एवढंच. याला ते लोक 'बदल' म्हणतात. तो पाठवायचा, मग वरचे लोक तपासतात आणि पसंत पडला तर घेतात.

त्यांनी अट घातली की दोन वेगळ्या मशीनवर चालवून दाखव. एकाची लाईट काढ, परत लाव, आणि नोंद पाठव. तिच्या एका लॅपटॉपवर सगळं चालायचं. दोन मशीन जोडली की पडायचं. दुसरं मशीन सांगायचं: 'ब्लॉक अमान्य', म्हणजे हे पान मी घेत नाही. का अमान्य, ते नाही. माझ्या हाताखालच्या एखाद्यानं रजिस्टरमध्ये नुसतं 'गाडी अमान्य' असं लिहिलं असतं, तर मी त्याला घरी पाठवला असता. इथं त्याला तंत्रज्ञान म्हणतात.

तिनं तो कोड अकरा वेळा लिहिला. शेवटच्या दोन वेळा दवाखान्यात, हाताला सलाईन असताना. दहा मार्चला तिनं त्या बदलाच्या इंटरनेटवरच्या पानावर शेवटचं वाक्य लिहिलं: "चूक माझ्याच कोडमध्ये असणार. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

मला ते 'माफ करा' सहन होत नव्हतं. सात दिवसांनी ते पान बंद झालं असतं आणि तिचं शेवटचं बोलणं म्हणून तेवढंच राहिलं असतं. त्या पानाखाली कुणी साधं 'बरं' सुद्धा लिहिलेलं नव्हतं. ते स्वतःला समाज म्हणवतात. आमच्या समाजात माणूस गेलं की निदान दारात चार खुर्च्या तरी मांडायला येतात.

त्यावर आणखी एक होतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कॉलेजचे प्रणेश सर आले होते. तिचेच विभागप्रमुख, वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बुद्धवंदना झाल्यावर माईक हातात घेऊन म्हणाले, "मॅडमनी अपयशाला न घाबरता शेवटपर्यंत प्रयत्न केले." तिच्या विद्यार्थिनी समोर बसल्या होत्या. मी उठून माईक काढून घ्यायला पाहिजे होता. मी वाढप्यांना भात कमी पडतोय का ते बघायला गेलो.

तर नऊ तारखेला मेल आला आणि दहा तारखेला मी भालकीला प्रणेश सरांच्या घरी गेलो.

"या काका, बसा. चहा घेणार?"

"न्हाई. मशीन पाहिजे होतं. पंचशीलाकडं कॉलेजचं जुनं होतं ते. एप्रिलात तुम्ही न्हेलात."

"अहो, ते डेड स्टॉकमधलं. तपासणी होती. आता पुसून लॅबला लावलंय." ते माझ्याकडं बघून थांबले. "कशाला हवंय?"

मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. "काका, राग मानू नका. मॅडमचा कोड कन्सेप्ट लेव्हललाच चुकला होता. डिसेंट्रलाइज्ड सिस्टिममध्ये ट्रस्ट मिनिमाइज करायचा असतो. ते त्यांच्या डिझाइनमध्ये कुठंच बसत नव्हतं."

"म्हंजे नेमकं काय चुकलं होतं?"

"ते आता तुम्हाला सांगून..."

"सांगून तर बघा."

"लॉगमध्ये अमान्य येत होतं ना? मग चुकलंच की."

"अमान्य कामून येत होतं?"

त्यांनी फोन उचलला आणि कुणाचाही आलेला नसताना कानाला लावला. मी उठलो. दारापर्यंत आल्यावर ते मागून म्हणाले, "सोडून द्या काका. तुम्हाला त्रास होईल. हे डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट उभं करायलाच आमच्या मुलांना एक सेमिस्टर लागतं."

डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट. म्हणजे काय, तर कोड लिहिणाऱ्याला लागणारी हत्यारं मशीनवर बसवणं. सुताराला करवत, रंधा आणि पटाशी लागते, तो पिशवीतून काढतो आणि कामाला बसतो. ह्यांना एक सेमिस्टर लागतं, आणि वर नाव घेताना छाती फुगते.

स्टँडसमोर हावगेप्पाचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी ड्युटीवर असताना तिथंच चहा पीत होतो. आता तो झेरॉक्सपेक्षा मोबाइलची कव्हरं जास्त विकतो. मी म्हटलं, तुझं जुनं कॉम्प्युटर दे, आठवडाभर.

"येनू अण्णा, ह्या वयात फेसबुक खोलायलाव काय?"

"ब्लॉकचेन करायलोय."

तो माझ्याकडं बघत राहिला. "अण्णा, लुबाडतेत बघा त्यात. आमच्या मेव्हण्याला—"

"त्यातलं न्हाई. अक्कांचं काम राहिलंय." हावगेप्पा पंचशीलाला अक्का म्हणायचा.

तो लगेच उठला. माळ्यावरनं मशीन काढलं, फडक्यानं पुसलं, आणि माझ्याबरोबर बसपर्यंत उचलून आणलं. कंडक्टरला म्हणाला, "सांभाळून न्हे रे. ह्यात अण्णाचा जीव हाय." कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडायला हात घातला, मला ओळखलं, आणि हात काढला.

पंचशीलानं एक वही केलेली होती. तिच्या वर्गात कन्नड शाळेतल्या पोरी होत्या, मराठी शाळेतल्या होत्या, इंग्रजी सगळ्यांचंच कच्चं. त्यांच्यासाठी तिनं हे एन्व्हायर्नमेंट कसं उभं करायचं ते पायऱ्या पायऱ्यांनी मराठीत लिहिलं होतं, अवघड जागी शेजारी कन्नड शब्द. प्रकल्पाच्या इंग्रजी पानावर वर मोठ्या अक्षरात आहे: 'पाच मिनिटांत सुरू करा'. तिच्या वहीत पहिल्या पानावर आहे: 'चार दिवस लागतील. घाबरू नका.'

मला चार दिवस लागले.

त्या पाच मिनिटंवाल्यांबद्दल थोडं लिहितो. पहिल्या पायरीला ते म्हणतात, अमुक हत्यार बसवा. ते बसवायला गेलं की ते म्हणतं, माझ्याआधी तमुक बसवा. तमुक म्हणतं, मी आहेच, पण तुमच्याकडचा मी फार नवा आहे, मला काढून जुना आणा. जुना आणला की पहिला म्हणतो, हा फार जुना. असे एकमेकांकडं बोट दाखवणारे सोळाशे तुकडे. सरकारी कचेरीत फिरलेला माणूस हे सहन करू शकतो. मी फिरलेलो आहे. पण कचेरीतला कारकून तिसऱ्या दिवशी निदान चेहरा ओळखायला लागतो.

पंचशीलाच्या वहीत कोणता तुकडा कोणत्या नंबरचा पाहिजे ते लिहिलेलं होतं. लाल शाईनं: 'नवा दिसला म्हणून घेऊ नका.' मी तसंच केलं. एकेक ओळ टंकायची, एंटर मारायचं, काय येतं ते वहीशी ताडून बघायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळण्याची गरजही नव्हती. टाइमटेबल पाळायला ड्रायव्हिंग यावं लागत नाही.

सगळे तुकडे जोडून कोडचं चालतं यंत्र करायचं, त्याला तिनं 'बांधणी' म्हटलंय. हावगेप्पाच्या मशीनची ताकद कमी. बांधणी दोनदा अर्ध्यावर मेली. वहीत बघितलं तर लिहिलेलं होतं: 'मेमरी कमी असेल तर मशीनला एका वेळी एकच काम करायला सांगा. वेळ लागेल. दुपारी दोन ते चार आपल्याकडे लाईट जाते, सकाळी आठला सुरू करा.' सकाळी आठला सुरू केली. पावणेदोनला संपली. त्या परदेशातल्या हुशार लोकांपैकी एकानंही आपल्या पानावर खटकचिंचोळीची लाईट कधी जाते ते लिहिलेलं नाही.

अक्का बाजेवर बसून शेंगा फोडत होती. ती सत्तरीची आहे आणि तिला कशाचंच कौतुक नाही.

"काय शिजवायलास रे सकाळधरनं?"

"बांधणी चालू हाय."

"घराची?"

"कोडची."

"दिसना काही. नुसतं पंखा घरघर करायलाय."

"आत चालू हाय."

"पंचशीला बी असंच म्हणायची. तिचं आत लई चालायचं." शेंगेचं टरफल तिनं मशीनकडं भिरकावलं. "तुझं कदी काही आत चाललेलं मी बघितलं न्हाई."

तेरा तारखेला संध्याकाळी दोन्ही मशीनवर हत्यारं बसली, बांधणी झाली. साखळीत बसलेल्या एकेका मशीनला नोड म्हणतात. चौदाला सकाळी मी दोन्ही नोड सुरू केले: एक तिच्या लॅपटॉपवर, एक हावगेप्पाच्या मशीनवर. लाईट काढायच्या आधी नुसतं चालतंय का बघावं म्हटलं.

लॅपटॉपनं पान लिहिलं, पाठवलं. हावगेप्पाच्या मशीननं सांगितलं: ब्लॉक अमान्य.

दुसरं पान. अमान्य. तिसरं. अमान्य.

मी बघत राहिलो. मनात आलं, प्रणेश सर खरे ठरले. मग स्वतःचीच किळस आली. त्या माणसाला खरं ठरवायला मी चार दिवस घालवले होते.

पण बसल्या बसल्या एक गोष्ट दिसली. अजून लाईट काढलीच नव्हती. तिचा बदल लाईट गेल्यावरचा. लाईट न जाताच अमान्य येत असेल तर तिच्या बदलाचा त्यात संबंध काय? हे प्रणेश सरांना दिसलं नाही, त्या जगभरच्या समाजाला दिसलं नाही. पंचशीलाला दिसायला पाहिजे होतं. तिला का दिसलं नाही, तर तिला शेवटी शेवटी सगळं स्वतःचंच चुकलंय असं वाटायचं. औषधानं की आजारानं, ठाऊक नाही. अक्कानं कालवणात मीठ जास्त टाकलं तरी ती म्हणायची, माझ्याच तोंडाला चव नाही.

मला कोड वाचता येत नाही. मला वेळ वाचता येते. मी एक जुनं रजिस्टर काढलं, निवृत्त होताना स्टँडवरून आणलेलं, अर्धं कोरं. रकाने आखले. लॅपटॉपवरून पान किती वाजता निघालं. तिकडं किती वाजता पोचलं. तिकडून निघालेलं इकडं किती वाजता आलं. मशीनच्या नोंदीत वेळ परदेशी घड्याळाची असते, म्हणून दोन्हीकडं साडेपाच तास मिळवले. पहिल्या चार नोंदी केल्या आणि पेन खाली ठेवलं.

लॅपटॉपवरून निघालेलं पान अकरा बेचाळीसला निघत होतं आणि हावगेप्पाच्या मशीनवर अकरा बत्तीसला पोचत होतं. निघायच्या दहा मिनिटं आधी. उलट तिकडून अकरा चौतीसला निघालेलं इकडं अकरा चव्वेचाळीसला येत होतं. जाताना गाडी दहा मिनिटं आधी पोचते आणि येताना दहा मिनिटं लागतात.

हे मी नोकरीत पाहिलेलं होतं. पलीकडच्या राज्यातल्या एका स्टँडवरच्या कंट्रोलरशी माझं सहा महिने भांडण झालं होतं, आमच्या गाड्या तिकडं निघायच्या आधीच पोचायच्या म्हणून. तो मला खोटारडा म्हणायचा आणि मी त्याला. शेवटी मी सुट्टी काढून स्वतः बसून गेलो, माझं मनगटी घड्याळ त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडलं. त्याचं घड्याळ मागं होतं. इतकं सोपं.

हावगेप्पाचं मशीन मूर्ख नव्हतं. त्याच्या हातात अजून न उजाडलेल्या वेळेचं पान येत होतं. मीही ते घेतलं नसतं. फक्त मी कारण लिहिलं असतं.

मी मनगटावर बघितलं. अकरा सदतीस. हावगेप्पाच्या मशीनवर अकरा सदतीस. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अकरा सत्तेचाळीस. मग भिंतीवर बघितलं. अकरा सत्तेचाळीस.

आमच्या घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढं असतात. लग्नापासून. भालकीची बस आठ चाळीसला येते आणि पंचशीलाला ती कधी वेळेवर मिळायची नाही. मी पहाटेच्या ड्युटीला गेलेलो असायचो. स्टँडवर तिची बस आली की मी खिडकीतून बघायचो, आणि त्यात ती नसायची. सगळ्या स्टँडला ठाऊक, कंट्रोलरच्या बायकोची बस चुकते. म्हणून मी घड्याळ पुढं केलं. दिवसभर लोकांची वेळ मिनिटाला धरून लिहायची आणि घरी येऊन खोटं घड्याळ टांगायचं, असं माझं चालायचं. पुढं लॅपटॉप आला. ती त्यात बुडाली की भिंतीकडं बघायची नाही. मग मी लॅपटॉपचं घड्याळ आपोआप जुळतं ते बंद केलं आणि तेही दहा मिनिटं पुढं केलं. तिच्यादेखत. ती हसली होती. म्हणाली, "बघा, आता ह्याला बी तुम्ही ड्युटीवर लावलं."

लपवलेलं काही नव्हतं. तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक, अक्कालाही ठाऊक. घरात येणारा पाहुणासुद्धा भिंतीकडं बघून मनात दहा वजा करतो. इतकं ठाऊक होतं की कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

अकरा वेळा तिनं कोड लिहिला. चूक माझ्या बोटांची होती.

प्रणेश सरांना आणि त्या यंत्राच्या पंजाला मी आठवडाभर मनात तुच्छ ठरवलं होतं. ते तुच्छच आहेत, त्यात फरक नाही. पण त्या रांगेत आता मलाही उभं राहावं लागलं, आणि त्यांच्या पुढं.

अक्कानं विचारलं, "काय झालं? कामून असा बसलास?"

"घड्याळ चुकलं होतं."

"कुठलं?"

"आपलं."

तिनं भिंतीकडं बघितलं. "ते कुठं चुकलंय? दहा मिनिटं पुढं हाय की, नेहमीसारखं."

मी लॅपटॉपचं घड्याळ आपोआप जुळतं ते पुन्हा चालू केलं. कोपऱ्यातला आकडा एकदम मागं आला. दोन्ही नोड बंद करून पुन्हा सुरू केले. पहिलं पान गेलं. मान्य. दुसरं गेलं. मान्य. मी वीस पानं जाऊ दिली. रजिस्टरमध्ये वीसच्या वीस लिहिली.

"अक्का, जरा उठ. ह्या मशीनची पिन काढायची हाय."

"चालू असताना?"

"चालू असतानाच. मी म्हटलं की काढ."

"जळलं तर हावगेप्पा माझ्या नावानं बोंबलल."

"काढ."

तिनं दोन्ही हातांनी पिन ओढली, बैलाच्या पायातला काटा ओढावा तशी. पडदा काळा झाला. लॅपटॉप आपली पानं लिहीतच राहिला. एकवीस, बावीस, तेवीस. चाळीसपर्यंत थांबलो. मग अक्कानं पिन लावली. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं घेतं, म्हातारं आहे. नोड सुरू केला.

पडद्यावर ओळ आली: अर्धवट पान टाकून दिलं. ही ओळ पंचशीलानं लिहिलेली. मग एकवीसपासून मागायला लागलं. एकपासून नाही, एकवीसपासून. बावीस, तेवीस, चोवीस. बेचाळीसला दोन्ही मशीन एका आकड्यावर आली.

"झालं?" अक्का म्हणाली.

"झालं."

"एवढ्यासाठी ती तिथं पलंगावर बसून लिहायची?"

"व्हय."

अक्का खाली वाकली. पिन नीट बसलीय का ते तिनं हात लावून बघितलं.

आम्ही तीनदा केलं, कारण वहीत लिहिलं होतं: 'एकदा चाललं म्हणजे चाललं असं नाही.' मग दुपारी दोनला लाईट गेली. चौथी वेळ तिनं आपणहून करून दिली. चारला आली, मशीन तिथूनच उठलं.

पंधरा तारखेला मी त्या पानावर लिहायला बसलो. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यात समाज होता, पंजा होता, 'पाच मिनिटांत' होतं, 'अमान्य' लिहून कारण न देणाऱ्यांची आई होती. वाचून बघितला आणि पुसला. हे लोक दीड पान वाचत नाहीत, हे मला आता ठाऊक होतं. तिनं पाठवलेल्या चारशे ओळींच्या नोंदीत त्यांनी दोन्ही मशीनच्या वेळा शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

शेवटी मी माझ्या इंग्रजीत, डेपोत रिपोर्ट लिहायचो तसं, लिहिलं: "कोड बरोबर आहे. लॅपटॉपचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं. ते मी पुढं केलं होतं, लेखिकेनं नाही. घड्याळ जुळवून चार वेळा चालवलं, चारही वेळा बरोबर. नोंदी सोबत आहेत. लेखिका २१ मार्चला वारली. तिनं मागितलेली माफी रद्द समजावी. राजपाल, निवृत्त कंट्रोलर." आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला.

सोळाला सकाळी उत्तर आलं. या वेळी माणसाचं. दुःख झालं, म्हणाला. मॅडमचा बदल घेतला आहे, म्हणाला. घड्याळ चुकलं असेल तर मशीननं तसं स्पष्ट सांगायला हवं होतं, ही आमची चूक, तेही दुरुस्त करतो, म्हणाला. मी त्यात खोट काढायला तीनदा वाचलं. सापडली नाही. मग खाली यंत्राचा संदेश आला: "अभिनंदन पंचशीला! तुमचा पहिला बदल स्वीकारला गेला. पुन्हा नक्की या!" आणि उडणाऱ्या रंगीत चिंध्या.

दुपारी प्रणेश सरांचा फोन आला. त्यांना बरोबर कळतं, चांगलं काही झालं की.

"काका! अभिनंदन! मी बघितलं पानावर. आमच्या विभागासाठी केवढी मोठी गोष्ट आहे. पेपरला बातमी देतो, कॉलेजच्या नावानं. मॅडमचा एखादा चांगला फोटो पाठवा ना."

"सर, कन्सेप्ट लेव्हलला काय झालं?"

"अं? नाही, ते काय, डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिममध्ये क्लॉक सिंक हा प्रॉब्लेम असतोच, काका. क्लासिक आहे."

"क्लासिक हाय तर मग मार्चमध्ये कामून न्हाई सांगितलं?"

"फोटोचं तेवढं बघा ना, काका."

"फोटो देतो," मी म्हटलं. "तुम्ही जूनमध्ये कॉलेज उघडलं की तिच्या वर्गात जायचं. त्याच पोरींसमोर. आन् माईकवर अपयश म्हणाला होतात ते परत घ्यायचं. माईक नसला तरी चालंल."

"काका, त्या अर्थानं मी..."

"आधी ते. मग फोटो."

ते जातील का, मला ठाऊक नाही. जून अजून यायचा आहे. न गेले तर मी जाईन. आठ चाळीसची बस मला सापडते.

हावगेप्पाचं मशीन परत न्यायला मी फडक्यात बांधलं. अक्का भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी होती, हातात झाडू.

"ते बी मागं घ्यायचं का? स्टुलावर चढू का मी?"

"राहू दे."

"कामून? आता कुणाची बस चुकतीय?"

"राहू दे म्हटलं ना. त्याला कुणाशी जुळवायचं न्हाई."

पंचशीलाची वही मी तिच्या पोरींना द्यायची ठरवली आहे. द्यायच्या आधी त्यात एक भर घातली. तिच्या नवव्या पायरीला आहे: 'दोन्ही मशीन जोडा.' त्याच्यावर जागा थोडी होती. तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं: 'आधी दोन्ही घड्याळं जुळवा.' आणि नोकरीत प्रत्येक दुरुस्तीपुढं करायचो तशी पुढं तारीख, मनगटावर बघून वेळ, आणि सही.